स्लॅब आणि बायोकेमिस्ट्री

आमच्या नांदेडच्या घराला कितीतरी वर्षं कॉलम होते, स्लॅब नव्हता. भिंतींवर पत्रे टाकलेले आणि पत्र्यांच्या वर कॉलममधल्या सळया हातभर निघालेल्या. गल्लीतल्या पोरांचे पतंग तिथंच अडकायचे. नवा माणूस पत्ता विचारत आला की कोपऱ्यावरचा किराणावाला सांगायचा, "ते काय, सळयावाल्या गुरुजींचं घर."

गुरुजी म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. नायगावच्या बाजूला प्राथमिक शाळेत शिकवायचे, रोज एसटीनं जाऊन-येऊन करायचे. पतपेढीतून आणि पगारातून त्यांनी स्लॅबचे पैसे जमवले होते. मिस्त्री ठरला होता, दसऱ्यानंतर सेंट्रिंग लागणार होतं. त्याच्या आधी भूकंप झाला.

मी तेव्हा आठवीत होते. गणपती विसर्जन झालं आणि दुसऱ्याच पहाटे आमच्याकडे मांडणीवरची भांडी वाजली, आम्ही सगळे रस्त्यावर आलो, थोडं हसलो, थोडं घाबरलो आणि उजाडल्यावर चहा करून प्यायलो. नांदेडात एवढंच झालं. लातूरकडं काय झालं ते मग रेडिओवर कळलं आणि अण्णांच्या हातातला कप तसाच राहिला, कारण आई नेमकी मावशीकडं गेलेली होती. मावशीचं सासर औशाच्या बाजूला एका खेड्यात. तीन-चार दिवसांनी आई परत आली. केसांत माती, अंगावर कुणाचं तरी लुगडं. म्हणाली, "सगळे बरे हायत. घर पडलं त्यांचं, पण आम्ही सगळे बाहेर ओट्यावर होतो. विसर्जनाच्या गप्पा चालू होत्या." एवढंच बोलली आणि न्हाणीघरात गेली.

दसरा झाला, मिस्त्री विचारायला आला. अण्णांनी त्याला सांगितलं, "स्लॅब नको. पत्रे टाक. मला भ्या वाटतंय." मिस्त्री हसला. गल्ली तर पुढं कित्येक वर्षं हसली. आमच्या आजूबाजूला एकेक घर वर चढत गेलं, कुणी स्लॅब टाकला, कुणी दुसरा मजला काढला, आणि जाता-येता अण्णांना विचारायचे, "काय गुरुजी, धरणी शांत झाली का न्हाई अजून?" अण्णा त्यांच्याबरोबर हसायचे. मला मात्र राग यायचा. शाळेतल्या पोरांना शूरवीरांचे धडे शिकवणारा माणूस, आणि स्वतःच्या घरावर छत घालायला भितो, हे मला अजिबात पटायचं नाही.

ज्यानं नांदेडचा मे महिना पत्र्याखाली काढला नाही त्याला मी काय सांगू? दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. आई पत्र्यांवर तुराट्या पसरायची, वर ओली पोती टाकायची आणि पंख्याखाली पदरानं गळा पुसत म्हणायची, "भट्टी हाय नुसती. भट्टी." हे वाक्य मी माझ्या लहानपणात इतक्या वेळा ऐकलं की आईला आयुष्यात स्लॅबशिवाय दुसरं काही नको, अशी माझी पक्की समजूत झाली.

दहावीला मला चांगले मार्क पडले, आणि तेव्हाच्या आमच्या भागात त्याचा एकच अर्थ होता. लातूर. अख्खा मराठवाडा लातूरला पोरं पाठवत होता. भूकंपानंतर पडझड आवरत आवरत त्या गावानं बघता बघता क्लास उभे केले होते. गोडाऊनमध्ये क्लास, मंगल कार्यालयात क्लास, पत्र्याच्या शेडमध्ये क्लास. मावशीचं कुटुंबही खेडं सोडून लातुरात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होतं, म्हणून माझी राहायची सोय झाली. फीसाठी मात्र स्लॅबचे पैसे मोडले. अण्णा म्हणाले, "तसाही पडूनच हाय तो पैसा."

मावशीच्या घरात खाटेजवळ स्टीलचे पेले एकावर एक उभे केलेले असायचे. जमीन हलली की ते पडतील आणि जाग येईल, म्हणून. लातुरात तेव्हा बऱ्याच घरांत ही पद्धत होती. मांजरानं पेले पाडले की सगळी आळी बाहेर, आणि मांजर आत. आई मला भेटायला आली की अंगणातच झोपायची. विचारलं तर म्हणायची, "आत उकडतं बाई."

मेडिकल हुकलं. थोडक्यानं हुकलं, हे सांगण्यात काही अर्थ नसतो. थोडक्यानं हुकलेल्यांची लातुरात जत्रा भरली असती. काही जणी पुन्हा एक वर्ष बसल्या. मी नाही म्हटलं आणि नांदेडला परत येऊन बी.एस्सी. धरलं, बायोकेमिस्ट्री विषय घेऊन. स्लॅब मी खाल्ला आणि डॉक्टरही झाले नाही, ही गोष्ट माझ्या मनात रुतून बसली. कुणी बोलून दाखवली नाही, पण मे महिना बोलायचाच.

बायोकेमिस्ट्री म्हणजे काय हे गल्लीत कुणालाच कळलं नाही. शेजारचे काका एकदा रक्ताचा रिपोर्ट घेऊन आले आणि म्हणाले, "बघ गं, शुगर किती हाय?" मी म्हटलं, काका, लिहिलंय की त्यात. तर म्हणाले, "ते मला दिसतंय. पण तू सांग ना, आंबा खाऊ का?" मी खाऊ नका म्हटलं, तेव्हापासून त्यांचा माझ्या पदवीवरचा विश्वास उडाला.

मला मात्र तो विषय आवडायला लागला. आधी नाइलाज म्हणून, मग मनापासून. आपण भाकरी खातो आणि पायात चालायची ताकद येते, या दोन गोष्टींच्या मध्ये केवढं काय काय घडत असतं, हे वाचताना मला जेवायचं भान राहायचं नाही.

बी.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा दोन रस्ते एकदम समोर आले. पुण्यात एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीला माझा नंबर लागला. फी, होस्टेल, मेस धरून आमच्या आवाक्याबाहेरचं प्रकरण. पण बँका तेव्हा शिक्षणासाठी कर्ज द्यायला लागल्या होत्या. आणि त्याच आठवड्यात लातूरहून माझ्या जुन्या क्लासच्या सरांचा निरोप आला. अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवायला मुलगी हवी होती. पगार अण्णांच्या पगाराच्या जवळ जाणारा.

मी हिशोबाला बसले. अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात कायम खडू असायचे, त्यातला एक घेतला आणि पुढच्या खोलीतल्या शहाबादी फरशीवर मधोमध रेघ ओढली. एका बाजूला पुणे: दोन वर्षांचा खर्च, त्यावरचं व्याज, आणि पुढं नोकरी कधी लागेल याला भलंमोठं प्रश्नचिन्ह. दुसऱ्या बाजूला लातूर: दोन वर्षांचा पगार, कर्ज शून्य. कशीही बेरीज केली तरी लातूरची बाजू इतकी जड होती की मला माझीच शंका आली. पुसून पुन्हा मांडलं. तेच आलं.

आई पोतेरं घेऊन आली. "काय करून राहिलीस हे फरशीवर?"

"हिशोब."

"झाला का?"

"हाव."

"मग पाय उचल," म्हणाली आणि पुणे-लातूर एका हातानं पुसून गेली.

लातूरच्या सरांनी ट्रायल म्हणून एक तास घ्यायला बोलावलं होतं, म्हणून मी गेले. क्लास दुसऱ्या मजल्यावर, वर पत्रे, खाली रेटून बसलेली शेकड्यांनी पोरं. विषय दिला होता श्वसन. ग्लुकोजपासून शक्ती कशी होते ते मी शिकवायला लागले आणि अर्ध्या तासात इतकी रंगले की फळा पुरेना. पाठमोरी उभी राहून एकेक बाण काढत होते. मागं काहीतरी धडधड झाली. चक्र पूर्ण करून, "तर असा हा फेरा," असं म्हणत मी वळले, तर वर्गात कुणीच नव्हतं.

नुसते बाक. वह्या उघड्या, पेनं जमिनीवर. मला वाटलं, इतकं वाईट शिकवलं?

खिडकीतून बघितलं तर सगळी पोरं खाली रस्त्यावर उभी, आणि त्यांच्यात क्लासचे सरही. समोरून रोड रोलर चालला होता. त्याच्या हादऱ्यानं पत्रे थरथरले होते आणि पोरं जिन्यावरून खाली गेली होती. ती पोरं भूकंपाच्या वेळी तिसरी-चौथीत असतील. रोलर पुढं गेला तशी ती वर आली, आपापल्या जागी बसली, पेनं उचलली. कुणी कुणाला काही विचारलं नाही. जणू मधे पाण्याची सुट्टी झाली होती.

पहिल्या बाकावरची एक मुलगी अजून धापा टाकत होती. तिनं हात वर केला. "मॅडम, तुम्ही म्हणलात, श्वासातल्या ऑक्सिजननं ताकद तयार होते. पण आम्ही तर पळताना श्वास घेतलाच न्हाई. मग ती ताकद कुठून आली?"

मी म्हटलं, स्नायूंमध्ये थोडी शिल्लक ठेवलेली असते, आणीबाणीला ती वापरली जाते. मुलगी म्हणाली, "मग शरीराला कसं कळतं, किती शिल्लक ठेवायची?" मला ते माहीत नव्हतं. मी खरोखर विचारात पडले. तेवढ्यात दारातून सर म्हणाले, "ते सीईटीला येत न्हाई. पुढं घ्या मॅडम."

तास संपल्यावर त्यांनी चहा मागवला. खूष होते. "मी तर स्वतः पळालो," ते म्हणाले. "तुम्ही फळा सोडला न्हाई. असं धाडस पाहिजे." मी बरं म्हटलं. हादरा मला जाणवलाच नव्हता, हे सांगायचं कसं? मग ते म्हणाले, "आमच्याकडं उचल द्यायची पद्धत हाय. सहा महिन्यांचा पगार आधी घेऊन जा. मग सीझन सोडून कुठं जायचं न्हाई." उचल हा शब्द मी ऊसतोडीच्या टोळ्यांबाबत ऐकला होता. मुकादम आधी पैसे देतो आणि जोडपं हंगामभर बांधलं जातं. मास्तरणीलाही उचल मिळते, हे नवीन होतं. पण सहा महिन्यांचा पगार म्हणजे सिमेंट, सळई, मजुरी. म्हणजे स्लॅब. येत्या उन्हाळ्याच्या आत.

परतीच्या एसटीत मी पैशांचा विचार करणार होते. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, विष्णुपुरीला धरणाचं पाणी दिसलं तेव्हा लक्षात आलं की मी एवढा वेळ त्या मुलीच्या प्रश्नाशी झोंबत होते. किती शिल्लक ठेवायची हे शरीराला कसं कळतं? पुण्याच्या अभ्यासक्रमात याचं उत्तर असणार होतं. मला ते हवंच होतं. तरी घरी पोचेपर्यंत मी मन आवरलं. आईचे इतके उन्हाळे माझ्या डोक्यावर होते.

जेवताना मी सांगून टाकलं. "मी लातूरला जाणार. उचल देताहेत. होळीच्या आधी स्लॅब घालू."

अण्णांचा घास हातात राहिला. त्यांनी माझ्याकडं नाही, आईकडं बघितलं. आईनं तव्यावरची भाकरी उलटायची सोडली.

"कुणी सांगितलं तुला स्लॅब घालायला?" ती म्हणाली.

"सांगायला कशाला पाहिजे? तू रोज म्हणतेस, भट्टी हाय म्हणून."

"म्हणते. तोंड हाय, म्हणते. स्लॅब मागितला का मी? कधी मागितला?" तिचा आवाज इतका चढला होता की शेजारच्या काकांनी रेडिओ बारीक केला. "ह्या घरावर स्लॅब घालायचा न्हाई. तू पुण्याला जा. कर्ज काढू, काय व्हायचं ते होऊ दे. पण स्लॅबचं नाव काढायचं न्हाई. आण माझी!"

भाकरी करपली. मी रडले. एवढा त्याग मी बघितला नव्हता. माझ्या शिक्षणासाठी ही बाई जन्मभर भट्टीत राहायला तयार होती.

अण्णा मला घेऊन बँकेत गेले. मॅनेजरला शिक्षणाचं कर्ज नवीन होतं आणि बायोकेमिस्ट्री तर अजूनच नवीन. "गुरुजी, ट्रॅक्टरला दिलं तर ट्रॅक्टर तरी दारात दिसतो," तो म्हणाला. "हिचं उद्या लग्न झालं तर हप्ता कुणाकडं मागू?" अण्णा म्हणाले, "माझ्याकडं. मी काय लग्न करून जाणार न्हाई." मॅनेजर हसला आणि काम झालं.

पुण्यात मला माझं उत्तर मिळालं, त्याच्या पोटातून निघालेले आणखी शंभर प्रश्न मिळाले, आणि ती दोन वर्षं मी अगदी सुखात काढली. पैशांचा हिशोब विचाराल तर फरशीवरचा खडूच खरा ठरला. परत आल्यावर नांदेडच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर लागले. म्हणजे तासाला मोजून पैसे, आणि तेही वर्ष संपल्यावर कधीतरी. लातूरच्या क्लासनं दोन वर्षांपूर्वी जे देऊ केलं होतं त्याच्या जवळपासही नाही. माझ्याबरोबरची एक मैत्रीण त्याच क्लासला लागली होती, तिनं तोवर लातुरात फ्लॅट घेतला. आमचे हप्ते कधी मी भरायची, कधी अण्णा भरायचे. लग्न ठरताना मी मुलाला पहिल्या भेटीतच सांगितलं, "माझ्यावर कर्ज आहे." तो म्हणाला, "माझ्यावरही आहे, पण माझं मोटरसायकलचं आहे, सांगायला लाज वाटते." त्याच्याशीच लग्न केलं.

कर्ज फिटलं. मग बऱ्याच काळानं मी पर्मनंट झाले. दरवर्षी नव्या वर्गाला मी पहिल्या तासाला एक गोष्ट सांगायची: माझ्या आईनं स्लॅब सोडला, म्हणून मी इथं उभी आहे. मुलींचे डोळे भरून यायचे. माझेही यायचे. एकदा कॉलेजच्या कार्यक्रमाला अण्णा आले होते, त्यांच्यासमोरही सांगितली. त्यांना तेव्हा खोकल्याची मोठी उबळ आली आणि ते पाणी प्यायला बाहेर गेले.

हातात पैसे आल्यावर मी पहिलं काय करणार, हे ठरलेलंच होतं. अण्णा दोनदा म्हणाले, "कशाला बाई आता?" मी ऐकलं नाही. आई काहीच बोलली नाही. मला वाटलं, भरून आलं असेल. जुने पत्रे उतरले, त्या प्रसिद्ध सळया एकदाच्या झाकल्या गेल्या, आणि एप्रिलच्या तोंडावर घर तयार झालं. खाली फरशी, वर पांढराशुभ्र स्लॅब, आत मस्त गारवा. काम संपल्यावर पहिल्या रविवारी आम्ही सगळे तिथंच जेवलो.

जेवण झालं आणि आईनं चटई उचलली. मला वाटलं, मधल्या खोलीत पंख्याखाली पडेल. ती बाहेर गेली. पाण्याच्या टाकीजवळ भिंतीची वीतभर सावली होती, तिथं चटई टाकून अंग चोरून पडली. ऊन मी म्हणत होतं.

"आई, आत ये ना. गार आहे."

"इथं बरं हाय."

"अगं, पाय उन्हात आहेत तुझे!"

तिनं पाय जवळ घेतले. मी चिडले. एवढा खर्च, एवढी वर्षं, आणि ही बाई टाकीला टेकून झोपणार! अण्णा दारात आले आणि हळूच म्हणाले, "राहू दे, बाई. तिला भ्या वाटतंय."

"तिला? भीती तुम्हाला वाटते ना?"

"मला कशाचं भ्या?" अण्णा म्हणाले. "मी त्या पहाटे नांदेडात होतो की. तुझ्यासंगं चहा पिलो."

सगळं माझ्या डोळ्यांसमोरच होतं, आठवीपासून.

आई उठून बसली. त्या पहाटे कुणी ओट्यावर नव्हतं, ती म्हणाली. विसर्जन करून दमून सगळे झोपले होते. मावशीच्या घराला माळवद होतं, लाकडांवर हातभर मातीचं जड छत. आई एकटी उठून मागच्या मोरीकडं गेली होती, मावशी आणि तिची माणसं पुढच्या पत्र्याच्या पडवीत झोपली होती, म्हणून वाचली. "परत फिरले तर माळवद खाली आलेलं. माझ्या वाकळेवर. मी तिथंच झोपले होते."

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तिथं लोकांची लेकरं गेली होती. शेजारच्या घरातून कुणी बाहेर आलं न्हाई. त्यांच्यापुढं मी वाकळ गेल्याचं सांगत बसू?" ती पदराची कड चाचपत होती. "ह्यांना तेवढं सांगितलं. स्लॅबखाली मला झोप यायची न्हाई म्हणलं. हे म्हणले, मग मीच भितो, असं सांगू. बाईमाणसाला लोकं जास्त हसतात."

अण्णांनी इतकी वर्षं गल्लीचं हसणं अंगावर घेतलं होतं, आणि त्यात माझाही राग होता. मी त्यांच्याकडं बघितलं तर ते मिशीत हसत होते. मला हसू फुटलं आणि रडूही. "म्हणजे मी लातूरला गेले असते," मी म्हटलं, "तर माझी एम.एस्सी.ही गेली असती आणि तुझी झोपही."

"म्हणून तर ओरडले," आई म्हणाली. "तू शिकावं असं वाटत होतं, ते खोटं न्हाई. पण निम्मं ओरडले ते छताच्या भ्यानं."

माझ्या गोष्टीत आता थोडी दुरुस्ती करावी लागते. नव्या वर्गाला मी सांगते की माझी पदवी आईच्या प्रेमानं झाली आणि तिच्या भीतीनं झाली. कोणाचा वाटा किती, ते अजून ठरायचं आहे. मुली हसतात. मग मी लातूरच्या त्या मुलीचा प्रश्न विचारते, आणि सगळ्या विचार करायला लागतात.

त्या रविवारनंतर आठवडाभरात मी मिस्त्रीला परत बोलावलं. उतरवलेल्या पत्र्यांतले चांगले निवडले आणि अंगणात टाकीच्या बाजूला चार लोखंडी खांबांवर शेड घातलं. आईची खाट तिथं आहे. मे महिन्यात मी दुपारी गेले की अण्णा आत स्लॅबखाली गार झोपलेले असतात आणि आई तिच्या पत्र्याखाली, पदरानं गळा पुसत, अगदी समाधानानं मला सांगते, "भट्टी हाय नुसती. भट्टी."